मॅथ वनमधला क्ष: एका मुलाला वरच्या गणितात टिकवताना काय झालं

पार्श्वभूमी

मी नॉर्थ कॅरोलिनात एका पब्लिक मिडल स्कूलमध्ये मॅथ शिकवते. आले होते नवऱ्याबरोबर एच-फोरवर, म्हणजे त्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, काही वर्षं घरीच बसले, मग ईएडी, म्हणजे कामाचं परमिट आलं, मग इथलं टीचिंग लायसन्स काढलं आणि तेव्हापासून आठवीची मुलं माझ्या नशिबी आहेत. शहराचं नाव लिहीत नाही, शाळेचं तर नाहीच, आणि थोडे तपशील मुद्दाम बदललेत कारण ज्या मुलाची ही गोष्ट आहे तो आता जवळच्याच हायस्कूलला जातो. त्याला इथे क्ष म्हणते. मॅथवालीला दुसरं काय सुचणार.

क्ष ब्लॅक आहे. ब्लॅक हाच शब्द वापरतेय कारण ही माणसं स्वतःला तेच म्हणवतात, कृष्णवर्णीय हा पेपरातला शब्द, तो मी कुणाच्या तोंडून कधी ऐकला नाही, आणि आपल्या लोकांच्या गप्पांत जे शब्द येतात ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

आमच्या शाळेत साधारण एक तृतीयांश मुलं ब्लॅक आहेत. कॅफेटेरियात उभं राहिलं की ते दिसतं. मग मॅथ वनच्या वर्गात या, तुम्हाला वाटेल वेगळ्याच शाळेत आलोय. त्या वर्षी मॅथ वनचे तीन सेक्शन होते, तिन्ही मिळून ब्लॅक मुलं पाच, आणि माझ्या सकाळच्या पहिल्या सेक्शनमध्ये २८ पैकी क्ष एकटा. निम्मा वर्ग आपला, म्हणजे इंडियन, त्यात मराठी घरातली चार.

मॅथ वन म्हणजे इथला हायस्कूलचा कोर्स, जो हुशार मुलांना आठवीतच देतात. आपल्याकडच्यांना एका शब्दात सांगायचं तर तुकडी. अ तुकडी. मी बार्शीच्या बाजूची, आमच्या शाळेत अ ते ड तुकड्या होत्या आणि मी पाचवीपासून अ मध्ये, दहावीपर्यंत ड मध्ये कोण बसतं हे मला धड माहीत नव्हतं, त्यांचा वर्ग सायकल स्टँडच्या पलीकडे होता एवढंच आठवतं. इथे येऊन मात्र मी ‘सिस्टीम किती अनफेअर आहे’ म्हणायला लगेच शिकले.

आता कायदा, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. २०१७ मध्ये इथल्या दोन मोठ्या पेपरांनी, न्यूज अँड ऑब्झर्व्हर आणि शार्लट ऑब्झर्व्हर, मिळून एक शोधमालिका छापली की गरीब घरातली मुलं राज्याच्या मॅथ टेस्टमध्ये टॉपचे मार्क काढतात तरी शाळा त्यांना ॲडव्हान्स्ड वर्गात घेत नाहीत, कारण नाव कोण सुचवणार तर टीचर, आणि टीचरच्या डोळ्यासमोर येणारी मुलं ठरलेली. त्यावर २०१८ मध्ये राज्याने कायदाच केला. सातवीच्या शेवटच्या टेस्टमध्ये सगळ्यात वरची लेव्हल, म्हणजे लेव्हल ५, मिळाली की आठवीत हायस्कूल लेव्हलचं मॅथ द्यायचं. शिफारस वगैरे काही नाही. आणि एकदा बसवलेल्या मुलाला काढायचं असेल तर पालकांची लेखी संमती पाहिजे, तीही त्यांना नीट सांगून की बाबा हे प्लेसमेंट तुमच्या मुलाने स्वतःच्या मार्कांवर मिळवलंय.

असे बदल चालतात हे इतर ठिकाणीही दिसलंय. डॅलसच्या शाळांनी २०१९ च्या सुमाराला नियम उलटा केला, सगळ्या लायक मुलांना आपोआप ऑनर्स मॅथमध्ये टाकायचं आणि नको असेल तर पालकांनी नको म्हणायचं, तर सहावीच्या ऑनर्समध्ये जाणारी ब्लॅक मुलं १७ टक्क्यांवरून काही वर्षांत ४३ टक्क्यांवर गेली. मुलं तीच, फॉर्मची दिशा बदलली.

क्षला लेव्हल ५ होती. म्हणजे त्याला मी आणलं नव्हतं, कायद्याने आणलं होतं. त्याची सातवीची टीचर मला ऑगस्टमध्ये म्हणाली होती, ‘स्वीट किड, पण मी असते तर मॅथ वन सांगितलं नसतं.’ मी मान डोलावली. हे लिहून ठेवते कारण पुढे लागणार आहे.

प्रॉब्लेम काय होता

सप्टेंबर बरा गेला. मग पहिली क्विझ ६२, दुसरी ५५. होमवर्क यायचं बंद. हुडी डोक्यावर, डोकं बाकावर. आणि रोज न चुकता ग्रुप वर्क सुरू झालं की हात वर, ‘मॅम, मे आय गो टू द रेस्टरूम’, आणि दहा-बारा मिनिटं गायब. मी आधी वैतागले, मग पास लॉग, म्हणजे वर्गाबाहेर जाण्याची नोंद, बघितला तर बाकी कुठल्याच पीरियडला तो बाथरूमला जात नव्हता, फक्त माझ्या. हे बघूनसुद्धा माझ्या डोक्यात जे आलं ते ‘मॅथ झेपत नाहीये’ हेच.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी दोन दिवस रजेवर होते. सबने, म्हणजे माझ्या जागी आलेल्या बदली टीचरने, क्षला रेफरल दिला, म्हणजे ऑफिसकडे तक्रार. कारण: ‘डिसरिस्पेक्ट’. हुडी काढ म्हटल्यावर त्याने काढली पण ‘टोन’ बरोबर नव्हता म्हणे. झालं, एक दिवस इन-स्कूल सस्पेन्शन, म्हणजे एका खोलीत भिंतीकडे तोंड करून वर्कशीट. नेमका त्या दिवशी स्लोपचा महत्त्वाचा लेसन होता.

इथे आकडे सांगायला हवेत, नाहीतर एका सबचा मूड एवढंच वाटेल. अमेरिकन काँग्रेसच्या जीएओ या ऑडिट ऑफिसने २०१८ मध्ये रिपोर्ट दिला, २०१३-१४ च्या डेटावर: पब्लिक शाळांत ब्लॅक मुलं १५.५ टक्के, पण सस्पेंड झालेल्यांत ३९ टक्के. त्याच्या आधीच्या फेडरल डेटात तर प्रीस्कूलचा आकडा आहे, म्हणजे चार वर्षांची पोरं, तिथे ब्लॅक मुलं १८ टक्के आणि एकाहून जास्त वेळा घरी पाठवलेल्यांत ४८ टक्के. आणि संशोधकांनी रेफरलची कारणं वेगळी काढून बघितली तेव्हा असं दिसलं की गोरी मुलं ऑफिसमध्ये जातात ती सिगारेट, तोडफोड अशा डोळ्याला दिसणाऱ्या गोष्टींसाठी, आणि ब्लॅक मुलं ‘उद्धटपणा’, ‘आवाज’, ‘धमकीचा सूर’ यांसाठी. सूर. सूर मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही.

सस्पेन्शननंतर तीन दिवसांनी काउन्सेलरची ईमेल आली. अगदी चांगल्या मनाने लिहिलेली. क्ष स्ट्रेसमध्ये दिसतोय, मॅथ वन त्याच्यासाठी योग्य नसेल, आईशी बोलून काढायचा फॉर्म पाठवू का, नियमित मॅथ ८ मध्ये तो ‘शाइन’ करेल. पीडीएफ सोबत जोडलेली. फक्त आईची सही बाकी.

मी केलेली पहिली चूक

मी आईला फोन केला. दुपारी, तिच्या झोपेच्या वेळी, कारण ती हॉस्पिटलमध्ये रात्रपाळीला असते हे मी फाइलमध्ये बघितलंच नव्हतं. मी आमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलेल्या काळजीच्या आवाजात बोलले, की मला क्षची काळजी वाटते, ग्रेड्स घसरल्यात, फॉर्मचा पर्याय आहे. ती सगळं ऐकून घेऊन शांतपणे म्हणाली, ‘मॅम, शाळा सुरू होऊन दोन महिने झाले. तुमचा हा पहिला फोन. पहिल्या फोनला तुम्ही मला त्याला बाहेर काढायचं सांगताय?’

मी म्हटलं नाही नाही, फक्त पर्याय सांगतेय. ती म्हणाली, मी माझ्या आईशी बोलते आणि कळवते. फोन ठेवला. मला तेव्हा राग आला होता, खरं सांगते. मी तर मदत करतेय, ही माझ्यावरच का चिडतेय. रात्री भांडी घासताना हळूहळू डोक्यात शिरलं की ती चिडलेली नव्हतीच, तिने मोजून तीन वाक्यं बोलली होती आणि तिन्ही बरोबर होती.

काय काय पर्याय होते

पुढच्या आठवड्यात मीटिंग ठरली. काउन्सेलर, मी, असिस्टंट प्रिन्सिपल, आई, आणि आईची आई. आजी येणार हे कुणाला अपेक्षित नव्हतं, एक खुर्ची कमी पडली.

टेबलावर चार गोष्टी होत्या. पहिली, फॉर्मवर सही आणि मॅथ ८. काउन्सेलरचा कल तिकडे होता, आणि तिचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं, मुलगा दुःखी आहे हे तिला दिसत होतं, आमच्याकडे एका काउन्सेलरमागे चारशेच्या आसपास मुलं आहेत, त्यांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस २५० ची, त्यात तिने याची दखल घेतली हेच खूप. दुसरी, आहे तिथेच ठेवून शाळेनंतर ट्युटरिंग, पण ट्युटरिंगनंतर बस नाही आणि आई तेव्हा कामावर निघते. तिसरी, एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या त्रासासाठी, तपासणी. बाथरूम आणि बाकावर डोकं यावरून कुणीतरी हे सुचवलं होतं. चौथी, सेक्शन बदलणं.

असिस्टंट प्रिन्सिपल आमच्याकडे एकमेव ब्लॅक पुरुष आहे स्टाफवर, आणि अर्थातच शिस्तीचं खातं त्याच्या गळ्यात. तो म्हणाला की मला हा मुलगा माहितीये तो फक्त रेफरलमुळे, चांगल्या कारणासाठी मुलं माझ्याकडे कुणी पाठवतच नाही. मॅथ डिपार्टमेंटला ब्लॅक टीचर एकही नाही. देशभरातही शिक्षकांत ब्लॅक साधारण ७ टक्केच आहेत, आणि हे नुसतं बघायला बरं दिसावं म्हणून नाही, टेनेसीच्या मुलांवरच्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की बालवाडी ते तिसरीत ज्या ब्लॅक मुलांना एक तरी ब्लॅक टीचर मिळाला त्यांची हायस्कूल पूर्ण करण्याची शक्यता १३ टक्क्यांनी आणि कॉलेजला नाव घालण्याची १९ टक्क्यांनी वाढली. एक टीचर, बास.

मग आजी बोलली. ती ६७ ची. १९७० च्या शरदात ती आठवीत होती, इथे बसिंग सुरू झालं तेव्हा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ब्राउन खटल्याचा निकाल १९५४ चा, काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा बेकायदा, पण साउथमध्ये प्रत्यक्ष शाळा एकत्र व्हायला पुढची पंधरा-सोळा वर्षं गेली, आणि शार्लटच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९७१ मध्ये सांगितलं की मुलांना बसने दुसऱ्या भागातल्या शाळेत न्यायला हरकत नाही. पुस्तकात हे वाचून मला नेहमी विजय वाटायचा. आजी म्हणाली, आमची शाळा बंद केली. गोऱ्यांची नाही, आमची. आमची मॅथची टीचर, जी मला संध्याकाळी चर्चच्या बेसमेंटमध्ये अल्जेब्रा शिकवायची, तिला नवीन शाळेत घेतलं नाही. आणि नवीन शाळेत मला पहिल्याच आठवड्यात खालच्या मॅथला बसवलं, न विचारता. ब्राउननंतरच्या दहा-अकरा वर्षांत साउथ आणि सीमेवरच्या राज्यांत मिळून ३८,००० च्या आसपास ब्लॅक शिक्षक आणि प्रिन्सिपल यांच्या नोकऱ्या गेल्या हे मला आकडा म्हणून पाठ होतं, पण त्या ३८,००० मधली एकीने शिकवलेली मुलगी माझ्यासमोर पर्स मांडीवर घेऊन बसली होती.

ती एवढंच म्हणाली, ‘त्याला कुणी विचारलंय का?’

कुणीच विचारलं नव्हतं. पाच मोठी माणसं, चार पर्याय, आणि मुलगा त्या वेळेला सोशल स्टडीजच्या वर्गात.

काय केलं

क्षला बोलावलं. आधी काहीच बोलेना, ‘आय ॲम फाइन’. मग आजी म्हणाली की रविवारी साउंड बूथमध्ये काय करतोस ते सांग यांना. तर हा मुलगा चर्चमध्ये साउंड बोर्ड चालवतो, क्वायरचे माइक, ड्रम, कीबोर्ड, सगळे फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या सरकपट्ट्या, तो लावतो, तीन डेसिबल वाढवले की पॉवर जवळजवळ दुप्पट होते हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, मॅन्युअल वाचून कळलं होतं. सरळ रेषेत वाढणं आणि पटीत वाढणं यातला फरक, जो मी मॅथ वनमध्ये फेब्रुवारीत शिकवते. हे सांगताना पहिल्यांदा हुडी मागे गेली.

मग हळूच बाकीचं आलं. ग्रुप वर्कला चार-चारचे ग्रुप मुलंच पाडतात, मीच पाडू देते, आणि तो रोज उरतो. दुसऱ्या आठवड्यात एका मुलाने त्याला विचारलं होतं, ‘तू चुकून या क्लासमध्ये आलायस का?’ भांडायच्या सुरात नाही, खरंच शंका असल्यासारखं. आणि मग बाकीचे ‘हे तर आम्ही फिफ्थ ग्रेडलाच केलं’ करत बसतात. म्हणून बाथरूम. ग्रुप पडून होईपर्यंत दहा मिनिटं जातात.

विचारणारा मुलगा आपला होता. मराठी. त्याच्या आईला मी मंडळात दर गणपतीत भेटते.

त्या रात्री मी क्षची ५५ वाली क्विझ परत काढली. एक प्रश्न होता, एका जिमची सुरुवातीची फी २५ डॉलर आणि मग महिन्याला १०, दुसऱ्या जिमला सुरुवातीची फी नाही पण महिन्याला १५, खर्च सारखा कधी होईल. त्याने समीकरण मांडलंच नव्हतं. कोपऱ्यात फिकट पेन्सिलीने दोन ओळी: ३५, ४५, ५५, ६५, ७५. खाली १५, ३०, ४५, ६०, ७५. शेवटच्या ७५ ला गोल, उत्तर ५ महिने. अर्धवट खोडलेलं, पण वाचता येत होतं. मी ४ पैकी १ दिला होता, शेरा ‘शो युअर वर्क’. वर्क तिथेच होतं. मला हवं तसं नव्हतं एवढंच. गंमत म्हणजे तसंच टेबल दुसऱ्या एका मुलीच्या पेपरात होतं, ठळक, स्केलने रेघा मारून, आणि तिला मी ३ दिले होते. मी दोन्ही पेपर शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसले.

दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं की मी चुकीचं तपासलं, मार्क बदलले, आणि हे टेबल बोर्डवर काढून समीकरण त्यातूनच कसं निघतं ते सगळ्यांना दाखवणार आहे, नाव घेऊ का? तो म्हणाला नको. नाही घेतलं.

शेऱ्यांचंही बदललं. २०१४ मध्ये डेव्हिड येगर, जेफ्री कोहेन वगैरेंचा एक अभ्यास आला होता, सातवीच्या मुलांच्या निबंधांवर, टीचरच्या चुका काढलेल्या शेऱ्यांसोबत एक चिठ्ठी, की माझ्या अपेक्षा मोठ्या आहेत आणि तू त्या पूर्ण करशील हे मला माहीत आहे म्हणून हे शेरे देतेय. तेवढ्यावर निबंध सुधारून परत देणारी ब्लॅक मुलं १७ टक्क्यांवरून ७० टक्क्यांच्या वर गेली. छोटा अभ्यास होता, चाळीस-पंचेचाळीस मुलांचा, पण मी भारावून तशीच चिठ्ठी क्षला लिहिली. त्याने वाचली आणि विचारलं, ‘मिस, हे तुम्ही सगळ्यांना लिहिता का?’ मला उत्तर देता आलं नाही. मग चिठ्ठ्या बंद केल्या आणि त्याऐवजी पेपरवरच नेमकं लिहायला लागले, हे टेबल बरोबर आहे, आता याचं समीकरण कर, गुरुवारी मला दाखव. आणि गुरुवारी खरंच बघायचं. आणि सगळ्यांसाठी.

ग्रुप आता मी पाडते, दर दोन आठवड्यांनी बदलते. इतकं साधं आहे की लिहायला लाज वाटते.

सेक्शनचा प्रश्न किचकट होता. पाच ब्लॅक मुलं तीन सेक्शनमध्ये विखुरलेली, एकत्र आणावं असं मला वाटलं. प्रिन्सिपलने लगेच थांबवलं, रंगावरून वर्ग लावणं कायद्यात बसत नाही, आणि बरोबरच होतं. पण कुठलाही पालक मित्राबरोबर सेक्शन मागू शकतो, आपले लोक तर दरवर्षी मागतात. आईने मागितला. बँडच्या पीरियडशी भांडण होतं ते काउन्सेलरने दोन आठवडे खपून सोडवलं, हे तिला श्रेय, आणि नोव्हेंबरपासून क्ष माझ्या चौथ्या पीरियडला आला, तिथे त्याचा बँडमधला एक मित्र आणि अजून एक ब्लॅक मुलगी होती. एडीएचडीची तपासणी आईने नको म्हटली. असिस्टंट प्रिन्सिपलने स्वतःहून नियम काढला की सबचा रेफरल आला तर वर्गाची टीचर परत येऊन बोलेपर्यंत त्यावर शिक्षा नाही, आणि कुणी सस्पेन्शनच्या खोलीत बसलाच तर त्या दिवसाचा लेसन तिथे पोचवायचा. दुसरा नियम कागदावर आहे, पाळला जातो निम्म्या वेळा.

आता मंडळाचं. त्या मुलाच्या आईशी बोलायला मला तीन आठवडे लागले. पोटलक, दिवाळी फराळ, कुणाची डोहाळजेवणं, प्रत्येक वेळी वाटायचं आज नको. एप्रिलमध्ये याच मंडळात फुले-आंबेडकर जयंती झाली होती, जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतली गुलामी संपवणाऱ्या लोकांना अर्पण केली होती हे स्टेजवर कुणीतरी फार छान सांगितलं, आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि नंतर जेवणाच्या रांगेत विषय होता कुठल्या शाळेचा ‘क्राउड’ चांगला. क्राउड. घर घेताना, शाळा निवडताना हाच शब्द, आणि सगळ्यांना अर्थ कळतो.

शेवटी पार्किंग लॉटमध्ये बोलले. ती म्हणाली, ‘अगं तो इनोसंटली विचारतो गं, त्याच्या मनात तसलं काही नसतं.’ मी म्हटलं मनात नसेल, पण त्याने त्या मुलालाच का विचारलं, वर्गात २७ जण होते. ती गप्प झाली. मग म्हणाली, ‘घरी आम्ही काय बोलतो ते ऐकत असेल.’ एवढं प्रामाणिक उत्तर मला अपेक्षित नव्हतं. त्यानंतर ती माझ्याशी थोडी तुटक वागते, चालायचंच. तिच्या मुलाने पुढे काय केलं, माफी मागितली का, मला माहीत नाही, मी त्याला भाग पाडलं नाही.

काय झालं

फॉर्मवर सही झाली नाही. डिसेंबरमध्ये क्षला सी होता, मार्चमध्ये बी मायनसच्या आसपास, वर्षअखेरच्या राज्याच्या टेस्टमध्ये लेव्हल ४. लेव्हल ५ नाही, आणि ती त्या हुकलेल्या ऑक्टोबरमुळे गेली असं मला वाटतं पण सिद्ध करता येणार नाही. एक्स्पोनेन्शियलच्या युनिटला त्याने साउंड बोर्डचं उदाहरण स्वतः मांडलं, अडखळत, घाईत, मी काही म्हणायच्या आत जाग्यावर जाऊन बसला. बाथरूमला जाणं बंद झालं नाही, पण चार मिनिटांवर आलं, म्हणजे माणसं जातात तितकं. आईला मी दर दुसऱ्या शुक्रवारी टेक्स्ट करत राहिले, संध्याकाळी पाचला, ती उठलेली असते तेव्हा. बहुतेक वेळा उत्तर एक थम्ब्स अप.

आणि आता जे सांगायला नको वाटतंय ते. त्या पाचांपैकी एक मुलगी, दुसऱ्या टीचरच्या सेक्शनमध्ये एकटी, फेब्रुवारीत मॅथ ८ ला गेली. शांत मुलगी, एकही रेफरल नाही, हुडी नाही, बाथरूम नाही. ग्रेड डी. फॉर्म गेला, सही होऊन आला, फाइलला लागला. मला कळलं मार्चमध्ये, कॉपी मशीनपाशी, त्या टीचरच्या बोलण्यातून. आमची सगळी यंत्रणा क्षभोवती फिरत होती कारण क्षने बाकावर डोकं ठेवून निदान दिसेल असं काहीतरी केलं. ती नुसती लिहीत बसायची.

परत करायचं तर

ऑगस्टमध्ये सातवीच्या टीचरने ‘मी असते तर सांगितलं नसतं’ म्हटलं तेव्हा मी का म्हणून विचारलं असतं. लेव्हल ५ असताना का नाही. तिच्याकडे कदाचित काही खरं उत्तर असेलही, पण मी मान डोलावली आणि ते वाक्य सप्टेंबरभर माझ्या डोक्यात बसून पेपर तपासत होतं.

पहिला फोन शाळेच्या दुसऱ्या आठवड्यात, चांगल्या बातमीचा. आता करते, मॅथ वनच्या सगळ्या घरी, सत्तर-पंचाहत्तर फोन होतात, आपल्या आईबाबांना चांगली बातमी सांगितली तर ते विचारतात ‘पण इम्प्रूव्हमेंट कुठे पाहिजे?’

काढायचा फॉर्म पीडीएफ म्हणून कुणाच्याही ईमेलला जोडता येऊ नये असं मी प्रिन्सिपलना सुचवलं. आधी मुलाशी बोलणं, मग टीचरने दोन क्विझ परत बघणं, मग पालक, मग फॉर्म. त्यांनी हो म्हटलं, लेखी अजून काही नाही. कायद्यात पालकांना नीट सांगा असं आहे, पण नीट म्हणजे किती मिनिटं ते नाही.

यावर्षी जुलैत लेव्हल ५ ची यादी आली तेव्हा मी मॅथ वनच्या रोस्टरला, म्हणजे वर्गातल्या नावांच्या यादीला, लावून बघितली, हाताने, पेन घेऊन. दोन मुलं यादीत आहेत आणि रोस्टरवर नाहीत, दोघंही ब्लॅक, एक फॉर्म सापडला, दुसरा कुणालाच सापडत नाहीये. एका वडिलांशी बोलणं झालंय, ते बुधवारी शाळेत येतायत. दुसऱ्या घरचा फोन अजून व्हॉइसमेलला जातोय, आज संध्याकाळी पाचला परत लावते.